व्हर्लिनदाजी नॅशव्हिलला गेले तेव्हा

व्हर्लिन स्टिडम म्हणजे माझ्या रीवाताईचा नवरा. आमच्या रॉकहाउस खोऱ्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि ती ओळख खाणीमुळे नव्हती. खाणीत तर आम्ही सगळेच जात होतो. दाजींना लोक ओळखायचे ते त्यांच्या आवाजामुळे.

आमच्या चर्चमध्ये वाद्य वाजत नाही. गिटार नाही, पियानो नाही, काही म्हणता काही नाही. एक माणूस पुढे उभा राहून स्तोत्राची एक ओळ भराभर म्हणतो, मग सगळी मंडळी तीच ओळ लांबवून, घोळवून गातात. त्याला आम्ही ओळ देणं म्हणतो. आमच्याकडे ओळ द्यायचे व्हर्लिनदाजी. त्यांनी तोंड उघडलं की मागच्या बाकावर पेंगणारी म्हातारी माणसंसुद्धा ताठ बसायची. कुणाकडे मयत झालं की पाद्र्याच्या आधी दाजींना निरोप जायचा.

खाणीत ते छत ढासळू नये म्हणून त्यात लोखंडी दांडे ठोकायचं यंत्र चालवत. दगडात भोक पाडायचं, दांडा घुसवायचा, पुढे सरकायचं. त्या दगडाची धूळ कोळशाच्या धुळीपेक्षा वाईट. साठी गाठेपर्यंत त्यांच्या फुप्फुसांचाच दगड झाला. आधी ओळ देताना मध्येच खोकला यायला लागला, मग ओळ अर्धी तुटायला लागली, आणि एका रविवारी ते पुढे उभे राहिलेच नाहीत. दुसऱ्या बाकावर ताईशेजारी बसून राहिले. त्यानंतर नाकात नळी आली, चाकांच्या गाडीवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर आला.

आमच्याकडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता फुप्फुसं बदलणं हा एकच मार्ग उरलाय, आणि त्यासाठी नॅशव्हिलच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल. तिथले लोक आधी तपासतील आणि मगच फुप्फुसं मिळायच्या यादीत घेतील. शिवाय एक अट होती. ऑपरेशननंतर काही महिने त्याच शहरात राहायचं आणि जवळ रात्रंदिवस घरची दोन माणसं हवीत, त्यातला एक गाडी चालवणारा. ताईला काचबिंदू, तिचं लायसन्स केव्हाच गेलेलं. मी गाडी चालवतो, पण माझ्या छातीतही तीच धूळ आहे, फक्त थोडी कमी. म्हणजे उरला वेंडल. त्यांचा एकुलता एक मुलगा. राहायलाही नॅशव्हिललाच.

आता वेंडलचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पोरगा आजीच्या, म्हणजे दाजींच्या आईच्या अंगाखांद्यावर वाढला. म्हातारीला जुनी गाणी खूप यायची, चर्चची नव्हेत, प्रेमाची, खुनाची, घर सोडून गेलेल्यांची. ती सगळी तिने नातवाला शिकवली. एकोणिसाव्या वर्षी वेंडल गिटार घेऊन नॅशव्हिलला निघाला तेव्हा दाजी अंगणात उभे राहून म्हणाले होते की बाटल्या फुटतात तिथे देवाने दिलेला गळा विकायला निघालास. पोरगा सरळ बसमध्ये जाऊन बसला.

तीन-चार वर्षांनी म्हातारी अंथरुणाला खिळली. वेंडल भेटायला आला तेव्हा तिने त्याचा हात धरून सांगितलं की मला मातीत ठेवाल तेव्हा तू माझं गाणं म्हण. हे ताईने ऐकलं होतं, मी ऐकलं होतं, दाजींनीही ऐकलं होतं. म्हातारी गेली. डोंगरावरच्या आमच्या स्मशानात पेटी खाली सोडली, प्रार्थना झाली, आणि वेंडलने पाठीवरची गिटार पुढे घेतली. एक ओळ म्हटली असेल नसेल, तेवढ्यात दाजींनी एका स्तोत्राची ओळ दिली. खणखणीत. आणि दाजींनी ओळ दिली की ती मागून म्हणायची, ही आमची हाडीमांसी मुरलेली सवय. शंभर माणसं गायला लागली. पोरगा तारांवर बोटं ठेवून उभा राहिला. दाजी एक स्तोत्र संपलं की दुसरं सुरू करत होते, माती लोटून होईपर्यंत थांबलेच नाहीत. वेंडल त्याच दुपारी परत गेला. नंतर तो ताईला फोन करायचा, नाताळात मला करायचा. बापाशी मात्र बोलणं राहिलं नाही.

तर त्या वेंडलला ताईने फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, या, माझ्याकडेच उतरा. ताई फोन ठेवून रडली. तिला वाटलं, झालं, सुटलो.

ऑक्टोबरात आम्ही निघालो. गाडी मी चालवत होतो, दाजी शेजारी, मागे ताई आणि सिलिंडर. डोंगर मागे पडले तशी ताईने गोष्ट काढली. ती म्हणाली, "व्हर्लिन, एक शब्द बोल त्याच्याशी. चुकलं माझं, एवढंच. पुढचं मी बघते."

दाजींनी नाकातली नळी नीट केली. मग थांबत थांबत म्हणाले, "आता बोललो, तर फुप्फुसासाठी बोललो असं होईल. ती माफी नव्हे. सौदा झाला तो."

"मग आधी का नाही बोललास? आधी तर धडधाकट होतास."

 मग ताई मला म्हणाली की होबर्ट, तू तरी सांग याला. मी म्हटलं, दाजींना सांगणारा मी कोण. खरंच, तोवर त्यांना कुणी काही सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं.

वेंडल एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होता. अडतीस वर्षांचा, केस कानाशी पिकलेले, लग्न होऊन मोडलेलं. त्याने आईला मिठी मारली, मला मिठी मारली आणि बापाच्या हातातून सिलिंडरची गाडी घेतली. "डॅडी, जिना हळू चढा, घाई नाही," म्हणाला. आदराने बोलला, अगदी आमच्याकडची पोरं बोलतात तसा. आपला पलंग त्यांना दिला, मला सोफा, स्वतः स्वयंपाकघरात पथारी टाकली. आमच्यासाठी त्याने घेवड्याचं कढण आणि मक्याचा पाव करून ठेवला होता, आजी करायची तसा. दाजी दोनदा वाढून घेऊन जेवले. पण चांगला झालाय असं काही म्हणाले नाहीत. ताईच दोघांच्या वाटचं बोलत होती.

तपासण्या सुरू झाल्या. दाजींना चालवलं, पळत्या पट्ट्यावर उभं केलं, नळीत फुंकायला लावलं, रक्त काढलं. वेंडल रोज सकाळी त्यांना सोडायला यायचा, खुर्ची ढकलायचा, मग कामावर जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लवकर मोकळे झालो. ताई हट्टाला पेटली की पोरगा काय करतो ते मला बघायचंच आहे. दाजी नको म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "चला."

वेंडल नदीजवळच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर एका बारमध्ये वाजवत होता, दुपारच्या पाळीला. रात्रीच्या पाळीला नावाजलेले लोक असतात, दुपारी वेंडलसारखे. तो गात नव्हता. पुढे एक टोपीवाला पोरगा गात होता आणि वेंडल मागे बसून स्टील गिटार वाजवत होता. टेबलासारखी आडवी मांडलेली, तारांवरून लोखंडी कांडी फिरवून रडवायची गिटार. बारमध्ये कुणाचं तरी लग्न ठरलेलं, त्या आनंदात दहा-बारा मुली गुलाबी टोप्या आणि पांढरे बूट घालून आल्या होत्या. भर दुपारी तर्र होत्या आणि गाण्यापेक्षा मोठ्याने ओरडत होत्या.

आम्ही भिंतीजवळ बसलो. त्यातली एक मुलगी दाजींकडे बघत होती. दाजींच्या अंगात नेहमीचा निळा डगला, डोक्यावर खाणीची जुनी टोपी, चेहऱ्यावर कोळशाच्या जुन्या जखमांच्या निळ्या रेघा. ती आली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्यासोबत एक फोटो काढू? तुम्ही अगदी खरेखुरे दिसता."

 ती शेजारी वाकली, मैत्रिणीने फोन वर केला, मग थांबली. म्हणाली, "ती नळी जरा काढता येईल का? फोटोत बरी नाही दिसत."

मी उठायला लागलो. ताईने माझी बाही धरली, कारण दाजींनी नळी काढली होती. नाकातून काढून हातात धरली आणि फोटोसाठी बसले. एक झाला, मग दुसरीबरोबर, मग सगळ्यांबरोबर. त्यांचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा ताईने ती नळी हातातून घेऊन पुन्हा नाकात बसवली. मुली आभार मानून गेल्या, आणि जाताना वेंडलच्या समोरच्या बक्षिशीच्या बादलीत नोटा टाकून गेल्या.

वेंडलने हे सगळं मंचावरून पाहिलं होतं. पाळी संपल्यावर तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. म्हणाला, "मला खाली उतरून तिला बाहेर काढायला हवं होतं."

दाजी म्हणाले, "वाजवत राहिलास ते बरं केलंस. काम चालू असताना हात थांबवायचा नसतो."

बापलेकांमध्ये इतक्या वर्षांत झालेलं हे पहिलं बरं बोलणं. वेंडल खाली बसला. ताईने विचारलं की तू गात का नाहीस रे. तो हसून म्हणाला, "मम्मी, इथे गाणारे पैशाला पासरी आहेत. मागून वाजवणारे कमी पडतात." मग आम्हाला त्याने रस्त्यापलीकडे तिखटजाळ तळलेली कोंबडी खायला नेलं. दाजींना एका घासातच ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. वेंडलने पाठीवर हात ठेवला आणि ठसका थांबेपर्यंत काढला नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं. मलाही तेव्हा वाटलं की जमलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातल्या समाजसेविकेकडे बसायचं होतं. मिस ऑलरेड नावाची, शांत बोलणारी बाई. तिने आधी चांगली बातमी दिली. हृदय ठीक आहे, बाकी सगळं ठीक आहे, डॉक्टर अनुकूल आहेत. आता फक्त घरच्या माणसांचं ठरलं की झालं. ताईने हात वर केल्यासारखं करून सांगितलं की एक मी. मग मिस ऑलरेड वेंडलकडे वळली. तिने त्याला नीट समजावून सांगितलं की औषधं तासातासाला, जखम धुणं, न्हाऊ घालणं, केव्हाही गाडी काढून आणणं, काही महिने कामधंदा जवळजवळ बंद. हे सगळं कराल का?

वेंडल गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

ताईला वाटलं, त्याला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "अरे, ती विचारतेय की..."

"मला कळलं, मम्मी." मग तो मिस ऑलरेडशी बोलू लागला, आमच्याकडे न बघता. "मी इथे हो म्हणू शकतो. आज सकाळपर्यंत म्हणणारच होतो. पण मी स्वतःला ओळखतो. पहिला आठवडा करीन, दुसरा करीन. मग कधीतरी त्यांना न्हाऊ घालताना मला आजीला मातीत ठेवलं ती टेकडी आठवेल, आणि मी टॉवेल टाकून निघून जाईन. तेव्हा त्यांच्या छातीत दुसऱ्या कुणाची फुप्फुसं असतील. त्यापेक्षा आताच सांगितलेलं बरं."

 मी म्हटलं, माझं नाव घाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, दोनच प्रश्न विचारले, कुठे काम केलं आणि जिना चढताना दम लागतो का. मग मान हलवून म्हणाल्या की तुम्हालाच उद्या कुणीतरी लागेल, मी तुमचं नाव घेऊ शकत नाही.

 मग दाजी मिस ऑलरेडना म्हणाले, "पोरगा खरं बोलला. त्याला मी खोटं बोलायला शिकवलेलं नाही." आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

बाहेरच्या लांबलचक बोळात ताई थांबली. मला वाटलं ती वेंडलला काहीतरी बोलणार, कदाचित मारणारसुद्धा. ती वळली नवऱ्याकडे. आवाज चढवला नाही. म्हणाली, "सगळा जन्म मी तुझ्या मागून ओळ म्हटली, व्हर्लिन. परवा गाडीत मी एक ओळ दिली होती. एकच. तेवढी तुला म्हणता आली नाही."

मग वेंडलला म्हणाली, "आणि तू त्याचाच मुलगा शोभतोस."

वेंडलने आमच्या बॅगा खाली आणून दिल्या, सिलिंडर भरून आणला, रस्ता कुठे वळायचा ते मला दोनदा समजावलं. गाडी सुरू झाल्यावर त्याने बापाच्या बाजूच्या काचेवर बोटं टेकवली. दाजींनी काच खाली केली नाही.

आम्ही घरी आलो. दोनेक आठवड्यांनी वेंडलचा फोन आला, ताईला. त्याने सांगितलं की मी करीन, मी हॉस्पिटलशीही बोललोय, ते पुन्हा बोलवायला तयार आहेत. ताई तशीच धावत बाहेरच्या खोलीत गेली. दाजींनी ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. ताई विनवण्या करून थकली, मी बोललो, पाद्री येऊन बोलले. दाजींचं एकच म्हणणं, पोराने एकदा खरं सांगितलंय, आता तो आईच्या रडण्यापायी बोलतोय. "त्याच्या अंगावर मला पडायचं नाही," म्हणायचे. हे ते मोठेपणाने बोलत होते की रागाने, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येणार नाही. ताईचं मत विचाराल तर ती राग म्हणते.

नाताळच्या सुमारास त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातून उठले, पण हाडांचा सापळा होऊन उठले. तेव्हा मात्र ताईला म्हणाले, बोलव त्याला, जाऊ आपण. ताईने त्याच दिवशी नॅशव्हिलला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी नवे कागद मागवले, पाहिले आणि कळवलं की आता हे शरीर ऑपरेशन सोसणार नाही. वेळ गेली.

वेंडल तरीही आला. बारमधली जागा दुसऱ्याला देऊन, स्टील गिटार कुठेतरी ठेवून, थंडीत येऊन राहिला. आणि हॉस्पिटलातल्या त्या खोलीत बसून जे जे जमणार नाही म्हणाला होता ते सगळं त्याने केलं. बापाला न्हाऊ घातलं, दाढी केली, उचलून खुर्चीत बसवलं, खाटेवरची चादर दिवसातून तीनदा बदलली. एकदाही टॉवेल टाकून गेला नाही. जिथे असं केल्याने माणूस वाचला असता तिथे नाही म्हणाला होता, आणि आता काहीच वाचणार नव्हतं तिथे तो राबत होता. ताई हे बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

एका सकाळी मी सिलिंडर बदलायला गेलो होतो. वेंडल दाजींच्या पायांना तेल चोळत होता. चोळता चोळताच, मान वर न करता त्याने विचारलं, "डॅडी, आजीच्या मातीच्या दिवशी तुम्ही माझं काही ऐकलं तरी होतं का?"

दाजींना एक वाक्य बोलायला तेव्हा तीन-चार श्वास लागायचे. म्हणाले, "पहिली ओळ ऐकली. चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली." थोडं थांबून म्हणाले, "लोक तुझ्या मागे गायला लागले असते. म्हणून मी सुरू केलं."

वेंडलने हातातला पाय हळूच खाली ठेवला, त्यावर पांघरूण घातलं आणि बाहेर गेला. बराच वेळ लाकडं फोडत होता. मी खिडकीतून पाहत होतो, गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती. मला वाटलं, आज हा जातो. पण दुपारच्या औषधाच्या वेळेला तो हात धुऊन आत आला. त्यानंतर त्या दोघांत औषध, पाणी, उशी एवढंच बोलणं झालं.

मार्चमध्ये दाजी गेले. ओळ द्यायला शेजारच्या खोऱ्यातून एक माणूस आणावा लागला. त्याचा आवाज बारीक होता, मागे लोकांनी आपापल्या परीने ओढून नेलं. वेंडल खांदा देणाऱ्यांत होता. ताईने त्याच्याजवळ उभं राहायचं टाळलं.

आता दीड वर्ष झालं. ताई आमच्याकडे राहते, डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही. चर्चला जाते, पण गात नाही, ओठ मिटून बसते. वेंडल पुन्हा नॅशव्हिललाच आहे. जुन्या बारमध्ये त्याची जागा राहिली नव्हती, आता तो एअर कंडिशनर बसवणाऱ्या एका माणसाकडे कामाला आहे, कधीमधी कुणाचा वाजवणारा आजारी पडला तर बोलावतात. रविवारी फोन करतो. ताई बोलते, हवापाण्याचं, माझ्या बायकोच्या गुडघ्याचं. तो दर वेळी म्हणतो की मम्मी, थोडे दिवस इकडे ये, मी मामाला गाडी घेऊन यायला सांगतो.

परवा फोन ठेवल्यावर मी म्हटलं, ताई, जाऊन ये की, मी सोडतो तुला. ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

"नको," ती म्हणाली. "एकदा गेले होते, तेवढं पुरे झालं."

आणि मला म्हणाली, असा रिकामा बसू नकोस, चार शेंगा तू पण सोल.